तुम्ही विचारलंत म्हणून: मराठीच्या वर्गात काही जण गप्प का?

मुंबईत मोठ्या माणसांना मराठी शिकवणाऱ्यांना हे हमखास विचारलं जातं: वर्गात काही जण भरभरून बोलतात, काही तोंडच उघडत नाहीत, हे ज्याच्या त्याच्या समाजावर असतं का?

थोडं असतं. पण 'अमक्या प्रांताचे लोक बुजरे' असा शिक्का मारलात की फसलात. मोठ्यांसमोर बोलण्याबद्दल त्या माणसाला घरी-शाळेत काय वळण लागलंय, ते बघावं. 'विचारल्याशिवाय बोलू नये' हे ज्याच्या अंगी मुरलंय, तो 'कोण सांगेल?' म्हटल्यावर हात वर करणार नाही. त्याच्या लेखी तो आगाऊपणा. नाव घेऊन विचारा, नीट सांगेल. उलट एखादीला नाव घेतल्याबरोबर घाम फुटतो, कारण चारचौघांत चुकणं म्हणजे नाचक्की. तिला आधी शेजारणीशी बोलू द्यावं.

मायबोलीही आड येते. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'केळी'चं 'केली' होतं, कोणीतरी फिसकन हसतं आणि तो माणूस त्या दिवसापुरता मिटतो. तमिळ माणसाला 'ळ' सहज येतो, पण तो चमचा, ती वाटी, ते ताट यात अडखळतो, कारण तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नाही.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांतले विज्ञानाचे तास तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर ५ सेकंद मनात मोजावेतच. मग १ मिनिट वहीत लिहिणं, २ मिनिटं जोडीत बोलणं, आणि त्यानंतर सगळ्यांसमोर 'तुमच्या जोडीचं काय ठरलं?' असं विचारावं. चूक झाली तर ती दोघांची असते.

मुंबईत जोडी लावली की दोघं लगेच हिंदीवर येतात. म्हणून गप्पा मारायला सांगू नये, काम द्यावं: एक फळवाला, एक गिऱ्हाईक, हातात भावाची चिठ्ठी. 'अर्धा डझन केली द्या' आलं तर मध्येच तोडू नये. 'केळी ना? ही घ्या, तीस रुपये,' एवढंच म्हणावं. पुढच्या फेरीत बरेचदा 'ळ' आपोआप येतो.

वर्गाबाहेर मात्र घात आपण मराठी माणसंच करतो. समोरचा अडखळत 'किती झाले?' विचारतो आणि आपण 'चालीस' म्हणतो. चाळीसच म्हणा, सावकाश.