शंखासुर आणि कूलरचं पाणी

एप्रिलच्या दुपारी नागपूरच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. कूलरची घरघर, आणि मध्येच कुंपणावरून 'टक्'. शंखासुराची, त्या लाल-पिवळ्या तुऱ्यांच्या काटेरी झुडपाची, शेंग तडकली. दोन्ही फाळ्या पीळ घेतात आणि बिया थेट शेजाऱ्याच्या अंगणात. गुलमोहराच्या शेंगेची तलवार करायला पोरं लागतात. इथे झाडच बंदूक चालवतं.

उडालेलं बी लगेच उगवेलच असं नाही. टरफल एवढं टणक की पाणी आत शिरत नाही. डोळ्याची बाजू सोडून पॉलिशपेपरवर घासायचं, आतला फिकट रंग दिसला की थांबायचं आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. सकाळी टम्म फुगलेलं तेवढं पेरायचं, बाकीचं पुन्हा घासायचं. पेरणी पिशवीतच, सेंटीमीटरभर खोल. वाफ्यातून उपटताना सोटमूळ दुखावलं की रोप बरेच दिवस रुसून बसतं.

पाऊस स्थिरावला की रोप जमिनीत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि श्रावणात चिखल धरून ठेवते. शंखासुराला दुसरं जास्त बाधतं. म्हणून दीड फुटी खड्डा, दोन घमेली काळ्या मातीला एक मुरूम, एक कुजलेलं शेणखत, आणि बूड थोडं उंचवट्यावर. पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळू लागली तर आधी निचरा बघावा, खताची पिशवी नंतर.

आणि ते कूलरचं पाणी! टाकी उपसली की 'तेवढंच झाडाला' म्हणून आळ्यात ओततात. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साठत राहतात. तो सगळा खार मुळांशी जातो. पानांच्या कडा करपतात. मग ऊन लागलं म्हणून आणखी पाणी! जमिनीत रुजलेल्या जुन्या झाडाला नवतप्यातही, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, आठवड्यातून एकदा पोटभर, साधं पाणी पुरतं.

शेंगवर्गातलं म्हणून त्याला खत नको, हाही एक लाडका समज. हरभऱ्यासारख्या गाठी याच्या मुळांवर धरत नाहीत. पण युरिया घातलात तर नुसता पाला मिळेल. फेब्रुवारीत दोन पाट्या शेणखत, बस्स.

खरी कंजुषी लोक कात्रीची करतात. फुलं येतात नव्या फुटीच्या शेंड्यावर. छाटलं नाही तर खाली उघडी काटेरी लाकडं आणि तुरे पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूला. थंडी सरली की होळीच्या आधी दीड-दोन फुटांवर निर्दयपणे कापावं, बारीक काड्या बुडातून काढाव्यात. हातमोजे घालून. पुढे शेंगा धरल्या की फुलं आटतात, तेव्हा बियाण्यापुरत्या चार ठेवून बाकीच्या हिरव्या असतानाच खुडाव्यात.

खुडलेल्या शेंगा पोरांना खेळायला मात्र देऊ नयेत. बी पोटात जायला नको. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने 1705 सालच्या, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामवरच्या ग्रंथात या झाडाची नोंद केली आहे. तिथल्या गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडायला वापरत, आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये म्हणून.