मोहननगरचा परदेशी, गड्डीगोदामची परदेशी

मी नागपुरात वकिली करतो. त्यातही जास्त करून विशेष विवाह कायद्याची कामं. लोकांना वाटतं माझा दिवस पळून आलेली पोरं आणि त्यांच्या मागे लागलेले मामा यांच्यात जातो. तसं वर्षातून एकदोनदा होतं. बाकीचे दिवस मी स्पेलिंगं जुळवतो. आधारवर एक नाव, टीसीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि पक्षकाराचं म्हणणं की "वकीलसाहेब, माणूस तर एकच आहे ना!"

ही केस २०२३ ची. फाइल बंद झाली, फी मिळाली, दोघं सुखात आहेत. तरी हिवाळी अधिवेशनाचे बॅरिकेड सिव्हिल लाइन्सला लागले की मला ती आठवते.

मुलगा मोहननगरचा, ख्रिश्चन. वडील अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त. मुलगी गड्डीगोदामची, बौद्ध घरातली. पायी दहा मिनिटांचं अंतर, मध्ये तो खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असा चार मजली प्रकार. मुलीचं आधी एक लग्न झालं होतं, कौटुंबिक न्यायालयाची घटस्फोटाची डिक्री होती. दोघांचे धर्म वेगळे, म्हणून १९५४ चा विशेष विवाह कायदा. असली कामं मी झोपेत करतो.

अडचण एवढीच की मुलगा टेक्सासला एमएस करायला गेला आणि तिथं फौजेत शिरला. ग्रीन कार्ड नसलं तरी कामाची भाषा येते किंवा डॉक्टरी शिकलाय अशा परदेशी लोकांना भरती करून घ्यायची एक योजना अमेरिकेनं २००९ ते २०१६ मध्ये चालवली होती. त्यातून हा गेला, नागरिक झाला, सार्जंट झाला. पोस्टिंग दक्षिण कोरियात.

वडील पहिल्यांदा आले ते ओसीआय कार्डाचं विचारायला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. ते मिळालं की पोरगा आपलाच, अशी त्यांची समजूत. मी त्यांना सांगितलं की परदेशी सैन्यात असलेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, निवृत्त झाला तरी मिळत नाही. ही गोष्ट मला तोंडपाठ आहे याचा मला उगाच अभिमान आहे, कारण चांगल्या चांगल्या एजंटांना ती माहीत नसते आणि ते बिनधास्त फी घेऊन अर्ज भरून देतात. म्हणजे हा येणार व्हिसावर. व्हिसाच्या अर्जातही सैन्यात आहात का, होता का, हा प्रश्न असतोच. आणि आला की ज्याच्या घरी उतरेल त्यानं चोवीस तासांत फॉर्म सी भरून परदेशी पाहुणा आल्याचं कळवायचं.

"माह्या घरी माहाच पोरगा येऊन रायला, अन् मी पोलिसले कळवू?"

हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. फॉर्म मात्र त्यांनीच भरला. 'नातं' लिहायला त्यात रकाना कुठे आहे, हे विचारायला दोनदा फोन केला.

तिकडच्या कागदांत उलटं. तिथं परदेशी ही गड्डीगोदामची पोरगी. मुलाच्या युनिटचं म्हणणं असं की तू देशाबाहेरच्या कमांडमध्ये आहेस, मुलगी परकी नागरिक आहे, तेव्हा आधी कमांडरची परवानगी. त्यासाठी अर्ज, कमांडरशी बोलणं, चॅप्लेनचं, म्हणजे फौजेतल्या धर्मगुरूचं, समुपदेशन, मुलीची वैद्यकीय तपासणी, पोलिस क्लिअरन्स आणि आधीचं लग्न मोडल्याचा पुरावा, तोही न्यायालयाच्या प्रमाणित नकलेसह. मुलीचा भाऊ तापला. "आमच्या बहिणीच्या छातीचा एक्स-रे त्यांना कशाला?" पण मला त्यात फार वावगं वाटलं नाही. बावीस-तेवीस वर्षांची पोरं घरापासून लांब असतात, महिन्याभराच्या ओळखीवर लग्न करतात, मग बायकोला व्हिसा मिळत नाही की रडारड. आपल्या कामठीच्या छावणीतल्या जवानालाही परदेशी मुलीशी लग्न करायचं तर वरून परवानगी लागतेच. केंद्र सरकारच्या कारकुनाचं बरं आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्यानं लग्न करायचं आणि लगेच कळवायचं, विचारायचं नाही. एकाच संरक्षण खात्यात बंदूकवाल्याला एक नियम आणि फाइलवाल्याला दुसरा.

आता शिक्क्याची गोष्ट. मुलानं अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या तळावरच्या लष्करी नोटरीकडून करून पाठवलं. अमेरिकेच्या कायद्यात त्या अधिकाऱ्याची सही आणि हुद्दा एवढं पुरतं, उठावाचा शिक्का लागत नाही. ते मी इथे विवाह नोंदणीच्या टेबलावर ठेवलं. बाबूंनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

"गोल शिक्का कुठाय?"

मी कायदा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं बरोबर असंल. पण गोल शिक्का कुठाय?" वीस वर्षांत मी एक शिकलो, की गोल शिक्क्याशी वाद घालायचा नाही. सप्टेंबरात मुलगा मुंबईला उतरला तेव्हा त्याला आधी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत पाठवलं. अपॉइंटमेंट घेऊन, पन्नास डॉलर भरून त्यानं तेच प्रतिज्ञापत्र पुन्हा केलं आणि विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरला आला. बाबू शिक्का पाहून प्रसन्न झाले. मजकूर त्यांनी वाचलाच नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार, नोटीस दिली. बाहेरच्या माणसाला वाटतं कोर्ट मॅरेज म्हणजे सकाळी गेलं, दुपारी झालं. नोटीस दिल्यावर तीस दिवस ती बोर्डावर लागते, नावं, पत्ते सगळं. कोणीही यावं, वाचावं, कोणाच्याही काकाला फोन करावा. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हे लावणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं, पण तो निकाल आमच्या बोर्डापर्यंत काही पोचला नाही. तीस दिवसांचं सगळ्यांना माहीत असतं. दुसरं टोक कोणाच्या लक्षात राहत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस व्यपगत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आमच्याकडे १८ डिसेंबरपर्यंत वेळ होता. तोवर कमांडरची परवानगी येईल, मुलगा साठवलेल्या सुट्टीवर पुन्हा येईल, सह्या होतील, असा हिशोब.

परवानगीच्या अर्जाचे कागद मुलानं जाताना सोबत न्यायचे होते. तो निघणार होता २० तारखेच्या रात्री. डिक्रीची प्रमाणित नक्कल आली होती, भाषांतर टाइप झालं होतं, फक्त नोटरीचा शिक्का बाकी होता. १९ ला गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, त्यामुळे २० ला विसर्जन. मी मुलाला फोन करून सांगितलं, "तू जा निवांत, मी सोमवारी कुरिअर करतो."

सोमवार यायच्या आत शनिवारी पहाटे नागपूर बुडालं. २३ सप्टेंबर विसरणारा नागपूरकर नाही. अंबाझरी ओसंडली, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनच्या बसा पाण्यात उभ्या. माझं ऑफिस तिथून जवळच, तळमजल्यावर. पक्षकारांच्या फायली मी खालच्या कप्प्यात ठेवायचो, कारण वरच्या कप्प्यात कायद्याची पुस्तकं शोभून दिसतात. डिक्रीच्या नकलेचा लगदा झाला होता. नवीन नकलेचा अर्ज, पुन्हा भाषांतर, पुन्हा नोटरी, कोरियाला कुरिअर. तीन आठवडे गेले. सगळे म्हणाले, पुरापुढे कोणाचं काय चालतं.

मुलगा १६ डिसेंबरला नागपुरात पोचला. शनिवार. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे कचेरी बंद, रविवारीही बंद. उरला सोमवार, १८ तारीख, शेवटचा दिवस. परवानगी आलेली नव्हती. फाइल वरती गेलीय, या आठवड्यात होईल, एवढंच त्याचं युनिट सांगत होतं. त्यात हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सचे निम्मे रस्ते बंद, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला मोर्चे अडवलेले, आणि प्रत्येक कचेरीतला अर्धा स्टाफ तारांकित प्रश्नांची उत्तरं घेऊन विधानभवनात. वर्षातले ते दोन आठवडे नागपूरकरानं आजारी पडू नये, मरू नये, आणि लग्न तर मुळीच करू नये.

विवाह अधिकारी मॅडम मात्र भल्या. "रजिस्टर काढून ठेवते. सव्वासहापर्यंत मी आहे," म्हणाल्या. तीन साक्षीदार: मुलाचे वडील, मुलीचा भाऊ आणि मुलीची एक मैत्रीण, जी शाळेतून अर्धी रजा टाकून आली होती. वडिलांनी रेल्वेच्या निरोप समारंभातला टाय लावला होता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मुलाच्या मांडीवर फोन, दर दोन मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून सोडायची.

कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपल्याकडे दीड वाजला की त्यांचे पाच वाजतात. मी मधेच खाली जाऊन चहा पिऊन आलो. दीड वाजला. मग दोन. मुलगा म्हणाला, "आता ऑफिस बंद झालं तिकडे."

बाबू आतून डोकावले. "अमेरिकेची परवानगी आम्हाला लागत नाही ना? मग थांबले कायले?" त्यांचं बरोबर होतं. आमच्या कायद्यात वय लागतं, आधीचं लग्न कायम नसावं लागतं, शुद्ध संमती लागते, नात्याची बंधनं पाळावी लागतात. कर्नलची सही कुठेही नाही. त्या क्षणी सही केली असती तर लग्न पक्कं होतं. तिकडे मात्र परवानगीशिवाय लग्न केल्याबद्दल सार्जंटवर कारवाई होऊ शकली असती. होऊ शकली असती की नक्की झाली असती, हे मला सांगता येत नव्हतं.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "अंकल, सही करू का?"

मी म्हणालो, "आमच्या कायद्यात अडचण नाही. तुझ्या कायद्याचं मी सांगू शकत नाही."

वकिलीच्या दृष्टीनं उत्तर निर्दोष होतं. बार कौन्सिलपुढे टिकेल असं. पण तो मला कायदा विचारत नव्हता. लहानपणी माझ्या मुलासोबत कस्तुरचंद पार्कवर क्रिकेट खेळलेला पोरगा होता तो, त्यानं अंकलला विचारलं होतं.

मुलीनं पेनचं टोपण लावलं. दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली. "मागच्या वेळी मी कोणालाच काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारलंय, तर उत्तर येऊ दे."

तरी सव्वासहापर्यंत बसलो. मॅडमनी रजिस्टर मिटलं. वडिलांनी टाय काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आधी मुलाचा फोन. परवानगी आली होती. त्यानं पत्राची पीडीएफ पाठवली. खाली कमांडरची डिजिटल सही, आणि शेजारी बारीक अक्षरांत संगणकानं आपोआप छापलेली वेळ: २०२३.१२.१८, १६:४२, पुढे अधिक नऊ तास, म्हणजे कोरियाची वेळ. अंथरुणात बसून मी बोटांवर वजाबाकी केली. एक वाजून बारा मिनिटं. मी खाली चहा पीत होतो तेव्हा सही झालेली होती. कोणीतरी ते पत्र पाठवायचं सकाळवर टाकलं होतं, बस. आम्ही पाच तास ज्याची वाट पाहिली ते होऊन बसलेलं होतं.

त्याच दिवशी नवीन नोटीस दिली. मुलगा परत गेला आणि फेब्रुवारीत तिसऱ्यांदा आला, चार दिवसांसाठी. सह्यांना सात मिनिटं लागली. बाबूंनी पेढा खाल्ला आणि परवानगीच्या पत्रावर गोल शिक्का नाही हे जाता जाता माझ्या लक्षात आणून दिलं, कागद त्यांना लागत नसतानाही.

बाहेर मुलाच्या वडिलांनी माझा हात धरला. "त्या पुरानं मारलं आपल्याले, वकीलसाहेब. नाही तर डिसेंबरातच झालं असतं." मुलगी शेजारीच उभी होती, सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग तपासत.

मी म्हणालो, "हो ना."

पुरातून निघालेले कागद मी गच्चीवर वाळवले होते. डिक्री गेली, पण ते पहिलं भाषांतर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होतं म्हणून वाचलं, पापडासारखं कडक झालंय एवढंच. अजून ड्रॉवरमध्ये आहे. अक्षरं सगळी वाचता येतात. खाली तारखेच्या जागी २० सप्टेंबर टाइप केलेलं आहे, आणि नोटरीच्या शिक्क्याची जागा कोरी आहे.