ही चिडत का नाही?

ताईनं माझ्या गोष्टीची वही परत दिली. एकशे चाळीस पानं, आणि समासात पेन्सिलीनं एकच ओळ : ‘ही कधी चिडत का नाही?’

बस. हॉलंडमधलं डेल्फ्ट गाव साधलंय, कालव्यावरचा उजेड साधलाय, असं काही म्हणायला हरकत नव्हती. दीड वर्ष झालं, सगळं आवरल्यावर बसते लिहायला, डोळे मिटत असताना. त्याचं कुणाला काय! फोनवर म्हणाली, “अगं, छान आहे की.” तिचं ते ‘की’ मला चांगलं कळतं.

आणि चिडायचं कशाला म्हणते मी? माझी तानेके शहाणी आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याच्या घरी मोलकरीण. पाणी भरते, फरशी घासते, सवड मिळाली की वरच्या खोलीच्या दाराशी घुटमळते. जवसाच्या तेलाचा वास तिला आवडतो. रंगासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड ती पाट्यावर घोटते, निळा उजळत जातो तशी खुलते. ‘हात भरून आले तरी तिला कळलं नाही,’ असं चक्क लिहिलंय मी. दगड घोटताना!

ते व्हर्मीरचं ‘दूधवाली’चं चित्र. ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर, म्हणजे कॅलेंडरच्या पानाएवढंच. त्यात सगळ्यात महागडा तो निळा रंग कुणाच्या अंगावर, तर मोलकरणीच्या एप्रनवर. यावर माझी तीन पानं आहेत. माझ्या गोष्टीत ती दूधवाली तानेकेच, आणि तिला त्या निळ्याचं काय वाटतं? भरून येतं. तीन पानं भरून येतं. आज परत वाचलं आणि वही मिटली.

खरं म्हणजे मला हे आधीच दिसायला हवं होतं. खऱ्या तानेकेची साक्ष माझ्याकडं पहिल्या दिवसापासून आहे. १६६६ साल, समोर नोटरी, विषय १६६३ मधला. व्हर्मीरची बायको कॅथरिना, तिचा भाऊ विलेम घरात येऊन धिंगाणा घालायचा. आईला, म्हणजे मारिया थिन्सला, शिव्या, एकदा सुरीसुद्धा. बहिणीचे दिवस भरत आलेले, तिच्यावर टोकाला लोखंडी खिळा लावलेली काठी घेऊन धावला. मध्ये पडली ती तानेके. मारिया थिन्स पोराच्या भीतीनं खोलीबाहेर यायची नाही, जेवण आत न्यावं लागायचं. ते कोण नेत असेल, हे काय सांगायला हवं?

अख्ख्या साक्षीत चित्राचा शब्द नाही. उजेडाचा नाही. निळ्याचा तर नाहीच.

आणि ही साक्षसुद्धा मारिया थिन्सनं द्यायला लावलेली. म्हणजे बोलली तीही मालकिणीच्या कामासाठी.

मी या सगळ्याचा केला काय, तर एक प्रसंग. दीड पानाचा. त्यात ती घाबरते, मग धीट होते, आणि संध्याकाळी परत दाराशी जाऊन तेलाचा वास घेते. काठी अडवलेल्या हातानं. ताईची पेन्सिल नेमकी तिथंच टेकली होती.

चार घरचा स्वयंपाक करून आई घरी आली की... नको. ते आत्ता नको. आईसुद्धा चिडायची नाही, असंच मी सगळ्यांना सांगत आले आहे. ताई ते ऐकताना नेहमी दुसरीकडं बघते.

दुपारी ठरवलं होतं, वही माळ्यावर टाकायची. मग वाटलं, माळ्यावर टाकायला आधी माळा आवरावा लागेल. म्हणून बसले लिहायला.

पान सत्तावीस. दगड, पाटा, निळा, सगळं तेच. फक्त तिला चिडू दिलं. आधी नुसतीच खांदा चोळते. खाली एक मूल रडतंय, दुसरं पाठोपाठ. (व्हर्मीर वारला १६७५ साली, तेव्हा अकरा मुलं मागं होती, दहा अजून लहान. त्यांचे कपडे धुवायचे कुणी, हे आधीच्या एकशे चाळीस पानांत कुठंही नाही.) आत नेलेलं ताट तसंच परत आलंय. तानेके पाटा ढकलते आणि डच भाषेत काहीतरी म्हणते, जे मला मराठीत फार छान जमलं. इथं लिहीत नाही.

गंमत अशी की चिडल्यावर तिला वर बघायला वेळच उरला नाही. दाराशी थांबणं गेलं, तेलाचा वास गेला, नऊ पानांची साडेचार झाली. वरच्या मजल्यावर एक माणूस आहे, तो हळू चालतो आणि त्याला गरम पाणी लागतं, एवढाच व्हर्मीर शिल्लक राहिलाय. बिचारा. त्याच्यासाठी मी किती वाचलं होतं!

उद्या वही परत ताईकडं. ती पेन्सिलीला टोक करून बसलीच असेल. आता विचारेल, ‘तो चित्रकार कुठं गेला?’