कॉर्नवॉलिसची नोकरी

रविवार, रात्री उशिरा

दोन-तीन दिवस कॉर्नवॉलिस, कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल, डोक्यातून जात नाहीये. शाळेत तो कायमधारा (बंगालातला शेतसारा कायमचा ठरवण्याच्या) पद्धतीपुरता भेटायचा, तोही टीप लिहिण्यासाठी. त्याची फौजी कारकीर्द आता नीट वाचली.

बाप अर्ल (म्हणजे बडा इंग्रज सरदार), शिक्षण ईटनच्या शाळेत. १७५६ मध्ये, अठरा पुरी व्हायच्या आत, पलटणीतला पहिला हुद्दा विकत घेतला. तेव्हाची रीतच ती. बावीस वर्षांचा असताना लेफ्टनंट कर्नल! पुढच्या वर्षी वडील गेले आणि स्वतःच अर्ल झाला. पण ट्युरिनच्या लष्करी शाळेत तो खरंच शिकला होता, एवढं श्रेय द्यायलाच हवं. बरेच सरदारपुत्र तेवढाही त्रास घेत नसत.

१७८१ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला सात हजारांहून जास्त सैन्यासह शरणागती. त्या समारंभाला प्रकृतीचं कारण सांगून हा आलाच नाही, तलवार घेऊन आपल्या हाताखालच्या ओहाराला पाठवलं. साधा कप्तान असता तर जन्माचा उठला असता. याचं खापर बरंचसं त्याचा वरिष्ठ सेनापती क्लिंटनवर फुटलं, आणि पाच वर्षांत हा आपल्याकडे गव्हर्नर जनरल, शिवाय सरसेनापती.

मला सगळ्यात रमवलं ते १७९१ च्या मे महिन्याने. टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला खरा, पण दाणागोटा संपला, बैल पटापट मरू लागले. ओढायला जनावरंच नाहीत म्हणून वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून माघारी वळला. वाटेत घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं, टिपूचेच! निघाले इंग्रजांच्या बाजूने आलेले मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य तर होतंच, वर काश्मिरी शाली, हिरे आणि चक्क बर्मिंगहॅमचे चाकू. भाव अर्थातच चढे. उपाशी गिऱ्हाईक समोर असताना कोण उतरवतो?

पुढच्या वर्षी टिपूने निम्मं राज्य सोडलं, दोन मुलं ओलीस दिली. कॉर्नवॉलिस मार्क्विस झाला, म्हणजे अर्लच्याही वरची पदवी. त्या बाजाराचं नाव त्या मानपत्रात कुठे असणार म्हणा!

१८०५ मध्ये त्याला पुन्हा इकडे धाडलं, आधीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने शिंदे-होळकरांशी मांडलेलं युद्ध आवरायला. वय ६६. ऑक्टोबरात गाझीपूरला वारला. ग्वाल्हेर शिंद्यांना परत द्यायची त्याची तयारी होती. नोव्हेंबरात, त्याच्या जागी आलेल्या बार्लोच्या वेळी, तसा तह झालाही.