वेधशाळेची गच्ची

आज शेजारच्या बेल्जियन काकांसोबत बीजिंगच्या जुन्या वेधशाळेत गेले. गच्चीवर ब्राँझची मोठाली यंत्रं, त्यांना पेलून धरणारे ड्रॅगन. काका हळूच म्हणाले, "ही आमच्या पिट्टेम गावच्या माणसाची." फर्डिनांड फर्बीस्ट, जन्म १६२३. जेझुइट धर्मगुरू. सम्राट कांगशीसाठी त्यांनी १६७३ पर्यंत अशी सहा यंत्रं घडवून घेतली. इथे त्यांना नान ह्वायरन म्हणतात. काकांचे डोळे भरून आले होते.

परतताना बागेत पायाने पिसांचं फूल उडवणाऱ्या आजींनी काकांना हाक मारून खेळात ओढलं. पाय चुकला की एक आजी त्यांचा गुडघा धरून वळवून दाखवायची! किती माया.

संध्याकाळी काकांनी बेल्जियन पद्धतीने दोनदा तळून फ्राइज केले. पहिला डबा आजींसाठी भरला.