आई, हिवाळ्यात मी घरात बसून नसतो

डिसेंबर लागला की फोंड्याहून आईचा प्रश्न ठरलेला: "एवढ्या थंडीत दिवसभर घरातच असतोस ना रे?" नाही आई. मॉन्ट्रियलला या दिवसांत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सुट्टीच्या दिवशी उजेड असेपर्यंत बाहेर पडलं नाही तर अंग आंबून जातं आणि मनही. म्हणून मी बुटांना स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायच्या रुंद चौकटी, बांधतो आणि निघतो.

भुसभुशीत बर्फात साध्या बुटाने पाय खोल रुततो. बुटाखाली ही रुंद चौकट बांधली की वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि चालता येतं. इथल्या मूळ रहिवाशांची ही शतकानुशतकांची विद्या: वाकवलेलं ॲश झाडाचं लाकूड, त्यात कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची वीण. आता ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आलं, घसरू नये म्हणून खाली धातूचे दात आले.

मिरामारच्या कोरड्या वाळूत भराभर चालून पाहा, पोटऱ्या कशा भरून येतात! इथे त्यात पायाला बांधलेल्या वजनाची भर. प्रत्येक पाऊल उचलूनच टाकावं लागतं, त्यामुळे मांड्या आणि नितंबांचे स्नायू सतत कामात. हातात काठ्या घेतल्या तर खांदे-दंडही. श्रम मोजायचं एकक म्हणजे मेट. स्वस्थ बसलं की १. सपाटीवर ताशी पाचेक किलोमीटर चालणं साधारण ३.५, मध्यम गतीने स्नोशू घालून चालणं ५.३ आणि जोरात गेलं तर १०, म्हणजे जवळजवळ धावण्याइतकं. तरीही गुडघ्यांना धावण्यासारखे हादरे नाहीत, बर्फ मऊ असतो. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

उन्हात फिरून ड जीवनसत्त्व मिळेल, असं मात्र समजू नका. ४५ अक्षांशावरचं हिवाळी ऊन फारच तिरपं, आणि उघडा असतो तो फक्त चेहरा.

हिवाळ्यात मुलांकडे येणाऱ्या गोव्यातल्या आईवडिलांना माझा आग्रह आहे: हे करून पाहाच. पोहणं किंवा स्कीइंगसारखं शिकावं लागत नाही, पाय जरा फाकवून टाकायची सवय तेवढी लागते. आतून सुती बनियन नको, ते घामाने भिजतं आणि थंडी भरते, लोकरीचं घाला. तहान जाणवत नाही, तरी पाणी प्या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण थंड हवेचा ताण वेगळा. स्नोशू भाड्याने मिळतात, विकत घ्यायची घाई नको. सुरुवातीला सपाट वाटेवर अर्धा तास पुरे, इथल्या माउंट रॉयल टेकडीचा चढ नंतर.