उजनीचा मासा खावा का?

पुण्याहून कुणी उजनी धरणाकाठच्या भिगवणला चिलापी मासा खायला निघालं की मला विचारतंच, पाणी तर आमच्याच गटारांचं, मग हा मासा खावा का? तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते. मी खाते, पण मासा निवडून.

शंका खोटी नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून येऊन उजनीत थांबते. पाण्यासोबत जे येतं ते तळाशी बसतं, माशाच्या पोटात जातं.

कडक तळला की मासा शुद्ध झाला, असं पुष्कळजण मानतात. तळल्याने जंतू मरतात, कृमी मरतात. शिसं, कॅडमियम कढईत जळत नाही. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो, त्यातल्या शेवाळाचं विषही उकळून जात नाही. यातलं बरंचसं काळीज, आतडी आणि कल्ल्यांत साठतं. म्हणून मासा घरी आला की आधी तेवढं काढून टाकायचं, डोक्याचं कालवण कितीही आवडत असलं तरी कल्ले ठेवायचे नाहीत. तवंग असेल त्या दिवसांत मी गळ टाकतच नाही. मरून काठाला लागलेले मासे तर फुकट मिळाले तरी उचलू नका.

पाऱ्याचं वेगळं. तो मांसातच मुरतो, कापून काढता येत नाही. दुसरे मासे खाऊन वाढलेला मासा जितका जुना, तितका पारा जास्त. मोठी मरळ किंवा हातभर वाम गळाला लागली की काठावर कौतुक होतं, मलाही आनंद होतो, पण गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटात मी ती वाढत नाही. त्यांना चिलापी द्यावी. ती जास्त करून शेवाळावर जगते, लवकर वाढते. अर्ध्या किलोच्या आतली घ्यावी, कल्ले लालभडक आणि बोट दाबलं की मांस वर येणारी.

तुम्ही महिन्यातून एकदा येता, तेवढ्याला एवढी काळजी पुरते. काठावरच्या भोई-कोळी घरांत मात्र रोज हेच कालवण शिजतं. त्यांनी काय निवडायचं आणि काय टाकायचं? सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडलं पाहिजे. आणि तोवर निदान मासे नियमित तपासून, कुठला किती खावा हे भिगवणच्या बाजारात ठळक मराठीत लावलं पाहिजे.